तुमचे नरसिंह राव कोण?

प्रश्न

मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी ४४ वर्षांची आहे. मूळ गाव सांगली जिल्ह्यात. अर्थशास्त्रात पीएच.डी. केली आणि रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागात लागले, त्याला आता १७ वर्षं झाली. महागाई, राज्यांची कर्जं, शेतीचा पतपुरवठा या विषयांवर काम केलंय. गेल्या वर्षी एका परिसंवादात एका पक्षाच्या ज्येष्ठ नेत्यांशी ओळख झाली. नंतर दोन-तीनदा भेटी झाल्या. ते म्हणतात, नोकरी सोडा, पक्षात या. सुरुवातीला प्रवक्त्या म्हणून काम करा, आर्थिक धोरणांकडे लक्ष द्या, पुढे विधान परिषदेचं बघू. मलाही मनापासून जावंसं वाटतंय. इतकी वर्षं अहवाल लिहिले, आता जिथे निर्णय होतात तिथे बसावं, असं वाटतं. मिस्टर म्हणतात, तुझी इच्छा असेल तर कर, पण मुलगी दहावीत आहे आणि घराचं कर्ज अजून आठ वर्षं आहे. वडिलांचा मात्र ठाम विरोध आहे. ते एकदा सरपंच होते, पुढे जिल्हा परिषदेला उभे राहिले आणि पडले. तेव्हापासून घरात राजकारणाचं नाव काढू देत नाहीत. 'तू शिकलीस ती यासाठी नाही' एवढंच म्हणतात. पण मनमोहन सिंगही रिझर्व्ह बँकेतूनच राजकारणात गेले ना? मग मी का जाऊ नये?

– सांगलीची लेक, मुंबई

उत्तर

तुमच्या पत्राचा शेवट आधी घेते, कारण अख्ख्या पत्राचा भार त्या मनमोहन सिंगांच्या वाक्यावर आहे आणि ते तितकं पक्कं नाही.

मनमोहन सिंग रिझर्व्ह बँकेतून राजकारणात गेले, असं आपण सहज म्हणून जातो. ते गव्हर्नर होते सप्टेंबर १९८२ ते जानेवारी १९८५. अर्थमंत्री झाले २१ जून १९९१ रोजी. मधल्या साडेसहा वर्षांत ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते, जिनिव्हाला विकसनशील देशांच्या साउथ कमिशनचे सेक्रेटरी जनरल होते, पंतप्रधान चंद्रशेखर यांचे आर्थिक सल्लागार होते आणि अगदी शेवटी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. मिंट रोडला, म्हणजे रिझर्व्ह बँकेत, येण्याआधीही १९७१ पासून वाणिज्य मंत्रालय, मग मुख्य आर्थिक सल्लागार, मग अर्थ मंत्रालयात सचिव, मग नियोजन आयोग, अशी दिल्लीची वाट त्यांनी पायाखाली घातलेली होती. फाइल कुठून निघते, कुठे अडते आणि कोणाच्या एका शब्दाने सुटते, हे त्यांना पाठ होतं. रिझर्व्ह बँक हा त्यांच्या वाटेवरचा एक मुक्काम होता. तुमच्या बाबतीत ती सुरुवात आहे आणि आजवरची सगळी नोकरीही. हा फरक लहान नाही.

दुसरं म्हणजे ते राजकारणात गेले नाहीत. राजकारण त्यांच्या दारात आलं. देशाकडे परकीय चलन उरलं होतं जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं. त्या वर्षी सोनं परदेशात गहाण पडलं: मे महिन्यात २० टन, जुलैमध्ये आणखी सुमारे ४७ टन, तेही रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीतून विमानाने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे. मी तेव्हा कॉलेजात शिकवत होते. वर्गातल्या एका मुलीने विचारलं होतं, 'मॅडम, आमच्या आईने पाटल्या गहाण टाकल्या तेव्हा घरात कोणी जेवलं नव्हतं. देशात आज काय चाललं असेल?' व्यवहारतोलाचा, म्हणजे देशात येणाऱ्या आणि देशाबाहेर जाणाऱ्या पैशाच्या हिशेबाचा, धडा त्या मुलीएवढा कोणालाच कळला नव्हता.

अशा वेळी नवे पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह रावांना अर्थमंत्री हवा होता, ज्याचा शब्द वॉशिंग्टनमध्ये आणि बाजारात चालेल. पहिली विचारणा झाली आय. जी. पटेल यांच्याकडे. तेही रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर, मनमोहन सिंगांच्या लगेच आधीचे. ते बडोद्यात स्थायिक झाले होते आणि त्यांनी नाही म्हटलं. मग रावांचे सल्लागार पी. सी. अलेक्झांडर यांनी मनमोहन सिंगांना फोन केला. पटेलांचं नाव मी मुद्दाम घेतेय. त्यांच्या नकारामुळे त्यांचा मोठेपणा तसूभरही कमी झाला नाही. नाही म्हणणारा माणूसही या गोष्टीत आहे, फक्त त्याची गोष्ट कोणी सांगत नाही.

आता मुद्द्यावर येते. तुमच्याकडे ज्ञान आहे, यात मला शंका नाही. पण मध्यवर्ती बँकेतला माणूस राजकारणात जाताना ज्ञानापेक्षा मोठी एक गोष्ट घेऊन जातो, ती म्हणजे पत. 'ही बाई आकडा फिरवून सांगणार नाही' हा लोकांचा विश्वास. ती पत मिळवायला तुम्हाला १७ वर्षं लागली. राजकारणात ती रोज थोडी थोडी खर्चावी लागते, कारण दुसरं भांडवल तुमच्याकडे नाही: मतदारसंघ नाही, कार्यकर्ते नाहीत, कारखाना नाही, घराणं नाही. म्हणून माझे तुम्हाला दोनच प्रश्न आहेत. तुमची पत सांभाळून वापरणारं माणूस वर कोण आहे? आणि ती कुठल्या गोष्टीवर खर्च करणार नाही, हे तुम्ही ठरवलंय का?

पहिला प्रश्न थोडा उलगडते.

२४ जुलै १९९१चा अर्थसंकल्प आज सगळे भाषणासाठी आठवतात. मला त्यातली खताची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. खतावरचं अनुदान कमी करायचं म्हणून खताच्या किमती ४० टक्क्यांनी वाढवल्या. अर्थशास्त्र म्हणून चूक काढायला जागा नव्हती. वित्तीय तूट जीडीपीच्या आठ टक्क्यांवर गेलेली. पण शेतकऱ्यांच्या मतांवर निवडून आलेले काँग्रेसचेच खासदार खवळले. अर्थमंत्र्यांना स्वतःच्या पक्षाच्या बैठकीत बसून त्यांचं ऐकून घ्यावं लागलं. शेवटी वाढ ४० वरून ३० टक्क्यांवर आली आणि लहान व सीमांत शेतकऱ्यांना त्यातून वगळण्यात आलं. दहा टक्के गेले, अर्थसंकल्प मात्र वाचला. तुम्ही संशोधन विभागात असाल तर हे दहा टक्के म्हणजे तुमच्या नोटमधली पडती बाजू. मंत्रालयात असाल तर तेच दहा टक्के सरकार टिकवतात. हा हिशेब कुठल्याही मॉडेलमध्ये बसत नाही आणि तो करणारा माणूस मनमोहन सिंग नव्हते. ते होते नरसिंह राव, ज्यांना अल्पमतातलं सरकार चालवायचं होतं आणि कोणाला किती द्यायचं याची जाण होती. मनमोहन सिंग पुढे उभे राहिले, कारण मागे राव होते. १९९३च्या अखेरीस शेअर घोटाळ्यावरच्या संयुक्त संसदीय समितीचा अहवाल आला तेव्हा अर्थमंत्र्यांनी राजीनामा देऊ केला, तो रावांनी स्वीकारला नाही. पंतप्रधानांनी त्या दिवशी मान हलवली असती, तर आज आपण मनमोहन सिंगांचं नाव वेगळ्या प्रकारे घेत असतो.

१९९१मधल्या रुपयाच्या अवमूल्यनाची, म्हणजे परकीय चलनातली त्याची किंमत मुद्दाम उतरवण्याची, हकीकतही अशीच. १ जुलैला पहिला टप्पा झाला, बाजाराचा अंदाज घेऊन ३ जुलैला दुसरा करायचा होता. मधल्या दोन दिवसांत राजकीय ओरड सुरू झाली आणि दुसरा टप्पा थांबवता येईल का, असं रावांच्या मनात आलं. ३ तारखेच्या सकाळी मनमोहन सिंगांनी डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांना फोन केला. तोवर नवा दर जाहीर झाला होता. मी या फोनचा खूप विचार करते. सहा-सात वर्षांपूर्वी ज्या इमारतीत हा माणूस गव्हर्नर म्हणून बसत होता, त्याच इमारतीत त्याने फोन केला, आणि तोही जे करायचं ठरलं होतं ते थांबवता येईल का, हे विचारायला. ते घाबरले म्हणून नाही. ज्याच्या विश्वासावर ते उभे होते, त्याची चिंता वाहणं हे आता त्यांचं कामच होतं. उद्या तुम्ही गेलात तर फोनच्या त्या टोकाला तुम्ही असाल आणि या टोकाला तुमचे आजचे सहकारी. त्यांना तुम्ही काय विचाराल, याचा विचार एकदा शांतपणे करा.

तर तुम्हाला बोलावणारे नेते तुमचे नरसिंह राव आहेत का? पत्रावरून तसं दिसत नाही. त्यांनी तुम्हाला पद दिलेलं नाही; काम दिलंय, आणि कामही प्रवक्तेपणाचं. हे मला अजिबात पसंत नाही आणि इथे मी गुळमुळीत बोलणार नाही. प्रवक्तेपद घेऊ नका. रोज संध्याकाळी टीव्हीवर बसून पक्षाने सकाळी जे काही केलं असेल त्याचं समर्थन करणं हे ते काम. कर्जमाफी केली तरी तुम्हीच समजावणार, फिरवली तरी तुम्हीच. धोरण ठरवताना तुम्हाला कोणी विचारलेलं नसेल, पण ते निस्तरायला तुमची पीएच.डी. आणि तुमची रिझर्व्ह बँकेतली १७ वर्षं पडद्यावर नावाखाली झळकतील. सहा महिन्यांत तुमच्या आकड्याला आणि समोरच्या पक्षाच्या प्रवक्त्याच्या आकड्याला लोक एकच किंमत देतील. पक्षाला तुमची पत मिळेल, तुम्हाला मात्र अधिकार मिळणार नाही. मनमोहन सिंग मंत्री होण्याआधी कोणाचे प्रवक्ते नव्हते. मंत्री झाल्यावर ऑक्टोबर १९९१मध्ये आसाममधून राज्यसभेत गेले. आधी अधिकार, मग पक्ष.

'पुढे विधान परिषदेचं बघू' याचंही गणित मांडते. परिषदेच्या ७८ जागा. त्यांतल्या ३० आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्था, ७ शिक्षक, ७ पदवीधर आणि १२ राज्यपालनियुक्त. ३० आणि २२ यांच्यासाठी प्रत्येक पक्षात आधीच रांग आहे, आणि त्या रांगेत उभ्या असलेल्यांनी २०-२५ वर्षं सतरंज्या उचलल्यात. त्यांच्या पुढे तुम्हाला बसवलं तर ते तुम्हाला कधीही विसरणार नाहीत. राज्यपालनियुक्त जागा साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा यांतल्या जाणकारांसाठी, ऐकायला तुमच्यासारख्यांसाठीच. पण २०२० साली राज्य मंत्रिमंडळाने सुचवलेली १२ नावं राजभवनात पडून राहिली, दोन वर्षांनी सरकारच बदललं आणि ती यादी कधीच मंजूर झाली नाही. त्या यादीत नाव असलेल्या प्रत्येकाला कोणीतरी 'तुमचं नक्की' म्हणून सांगितलंच असेल. तेव्हा 'बघू' या शब्दावर क्वार्टर आणि पगार सोडू नका.

उरतो पदवीधर मतदारसंघ, आणि खरं सांगू का, मला तुमच्यासाठी तोच सगळ्यात प्रामाणिक रस्ता वाटतो. पुणे पदवीधरमध्ये पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे येतात. तुमचं माहेर त्यातच. मतदारयादी दर निवडणुकीला नव्याने होते, म्हणजे आधी माणसाकडून अर्ज भरून घ्यायचा आणि मग त्याच्याकडे मत मागायचं. त्यासाठी पाच जिल्ह्यांतल्या शाळा, बँका, वकिलांच्या संघटना, सोसायट्या पालथ्या घालाव्या लागतात. हे ऐकून तुम्हाला उत्साह वाटला, तर तुमच्यात राजकारण आहे. थकवा वाटला, तरी त्यात लाज बाळगण्यासारखं काहीच नाही. मनमोहन सिंग एकदाच लोकसभेला उभे राहिले, १९९९ साली दक्षिण दिल्लीतून. देश आर्थिक गर्तेतून बाहेर काढल्याचं श्रेय गाठीशी होतं, मतदार शिकलेला होता, तरीही विजयकुमार मल्होत्रांनी त्यांना सुमारे ३० हजार मतांनी हरवलं. पुढे दहा वर्षं पंतप्रधान राहिले ते राज्यसभेतून. मतदार कृतज्ञतेपोटी मत देत नाही. त्याआधी १९९६मध्येही सुधारणा करणारं सरकार पडलं होतं, काँग्रेस १४० जागांवर आली होती.

आता दुसरा प्रश्न, आणि त्यासाठी मला आपल्या चिंतामणरावांकडे जावं लागेल.

चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख तसे पेशाने अर्थशास्त्रज्ञ नव्हेत. जन्म महाडजवळच्या नाते या गावचा, १४ जानेवारी १८९६चा. मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, केंब्रिजला जाऊन पदवी घेतली ती निसर्गविज्ञानात, त्यातही वनस्पतिशास्त्रात, आणि आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिले आले. पण १९३९ साली रिझर्व्ह बँकेत आल्यावर ते त्या विषयात असे मुरले की ऑगस्ट १९४३मध्ये पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९४४ला आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया घालणाऱ्या ब्रेटन वुड्सच्या परिषदेला गेले. फाळणीनंतर दोन देशांत एक मध्यवर्ती बँक वाटून देण्याचं काम त्यांच्याच काळात झालं, आणि १ जानेवारी १९४९ला बँकेचं राष्ट्रीयीकरणही. १९५०मध्ये नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केलं. १९५२ला ते कुलाबा जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या रायगडमधून, लोकसभेवर निवडून आले. म्हणजे चिंतामणरावांनी निवडणूकही लढवली आणि जिंकलीही, आपल्या जन्मगावच्या मुलखातून. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती १९५५ला, आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं ते १९५६ला, दोन्ही वेळा अर्थमंत्री तेच.

आणि त्याच १९५६मध्ये मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचं ठरलं. मुंबईत लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसं मेली. चिंतामणरावांनी राजीनामा दिला. जुलैअखेर लोकसभेत उभं राहून त्यांनी कारणं सांगितली: असा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर न मांडता घेतला गेला, आणि गोळीबाराची चौकशीही केली नाही. ते आंदोलक नव्हते, मोर्च्यात कधी गेले नव्हते. त्यांचं बोलणं फाइलवरच्या शेऱ्यासारखं मोजकं. म्हणूनच त्या राजीनाम्याला वजन आलं. मुंबईसाठी लढणाऱ्या लोकांना त्या दिवशी कळलं की दिल्लीत बसलेला, कधी आवाज न चढवणारा एक माणूस हे सहन करू शकला नाही. पत अशी खर्च केलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. सहा वर्षांचं मंत्रिपद एका वाक्यावर ठेवून दिलं. हे लिहितानाही मला भरून येतं, तेवढी मोकळीक तुम्ही मला द्याल.

मनमोहन सिंगांवर नेहमी ठपका येतो की ते कुठेच अडून बसले नाहीत. सप्टेंबर २०१३मध्ये ते परदेशात असताना त्यांच्या मंत्रिमंडळाने मंजूर केलेला अध्यादेश त्यांच्याच पक्षाच्या उपाध्यक्षांनी पत्रकारांसमोर फाडून टाकण्याच्या लायकीचा ठरवला. तेव्हा ते गेले असते तर बरं झालं असतं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत; मीही त्यातली आहे. पण ते कुठेच अडले नाहीत हे खरं नाही. २००८मध्ये अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावर डाव्यांनी पाठिंबा काढला, तरी ते मागे हटले नाहीत. २२ जुलैला लोकसभेत विश्वासदर्शक ठरावाला सामोरे गेले आणि २७५ विरुद्ध २५६ने टिकले. म्हणजे त्यांचीही एक 'मुंबई' होती. फक्त ती आपल्याला वाटते तिथे नव्हती.

तुमची मुंबई कोणती? कागद घ्या आणि लिहा. राज्याच्या कर्जाचे आकडे लपवले तर? तुम्ही मांडलेल्या निष्कर्षाच्या उलट बोलायला सांगितलं तर? जातीवरून, धर्मावरून पक्षाने काही केलं आणि तुमच्या तोंडून त्याचा आर्थिक बचाव हवा असेल तर? पक्षात गेल्यावर हे ठरवता येत नाही, कारण तोवर माणसाला स्वतःच्याच सबबी पटायला लागतात. आणि नुसत्या काळ्या-पांढऱ्याचा विचार करू नका. बहुतेक वेळा तुम्हाला तुमचंच एखादं लाडकं मत सोडावं लागेल. कॅनडाचे मार्क कार्नी आधी बँक ऑफ कॅनडाचे आणि मग बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर. नंतर हवामानबदल आणि वित्त या विषयावर संयुक्त राष्ट्रांचे विशेष दूत. कार्बनला किंमत लावली पाहिजे, हे वर्षानुवर्षं मांडणारा माणूस. १४ मार्च २०२५ला पंतप्रधान झाले आणि त्याच दिवशी ग्राहकांवरचा कार्बन कर रद्द करण्याच्या कागदावर सही केली. तो कर लोकांना इतका नकोसा झाला होता की तो ठेवून निवडणूक जिंकणं कठीण होतं. २८ एप्रिलला ते जिंकले. याला तत्त्व सोडणं म्हणायचं की पुढचं काम करता यावं म्हणून ओझं टाकणं म्हणायचं, यावर प्रामाणिक माणसांचंही एकमत होणार नाही. तुमचं उत्तर मात्र तुमच्याकडे तयार हवं.

इटलीच्या मारिओ द्रागींचंही उदाहरण आहे. युरोपीय मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष असताना जुलै २०१२मध्ये त्यांनी लंडनमध्ये सांगितलं की युरो वाचवायला जे लागेल ते सगळं करू, आणि तेवढ्या शब्दाने अख्ख्या खंडाचा रोखेबाजार शांत झाला. तेच द्रागी २०२१ला इटलीचे पंतप्रधान झाले आणि दीड वर्षात, पुन्हा एका जुलैमध्येच, आघाडीतल्या पक्षांनी साथ सोडली म्हणून त्यांना राजीनामा द्यावा लागला. ज्या शब्दावर बाजार थांबला, त्यावर आघाडीतले खासदार थांबले नाहीत. द्रागींकडे स्वतःचा पक्ष नव्हता, आणि वर कोणी रावही नव्हते.

व्यवहाराचं थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. नोकरीत असताना राजकारणात भाग घ्यायला आणि निवडणूक लढवायला तुमच्या सेवानियमांत मनाई आहे. त्याचा अर्थ एवढाच घेऊ नका की प्रचाराला जायचं नाही. या नेत्यांना 'फक्त बघून द्या' म्हणून एखादा मसुदा तपासून देऊ नका, जाहीरनाम्यासाठी आकडे काढून देऊ नका, त्यांच्या खासगी बैठकीत जाऊ नका. उद्या तुम्ही गेलात तर तुमचा जुना प्रत्येक अहवाल लोक या नजरेने वाचतील की तेव्हापासूनच हिचं ठरलं होतं. तुमच्याबरोबर ज्यांनी त्या अहवालांवर नावं घातली, त्यांचीही पत त्यात अडकलेली आहे. पेन्शनचं, रजेचं, क्वार्टर सोडण्याच्या मुदतीचं एचआरकडून लेखी घ्या. घरखर्च आणि कर्जाचे हप्ते मिळून तीन वर्षांचे पैसे बाजूला असल्याशिवाय राजीनामा टाइप करू नका. ज्याला महिनाअखेरची चिंता आहे, त्याला राजीनामा देता येत नाही, आणि ज्याला राजीनामा देता येत नाही, त्याची पत लवकर संपते.

इथे मला एक योगायोग आठवतो. मनमोहन सिंग विद्यापीठ अनुदान आयोगातून अर्थ मंत्रालयात गेले. चिंतामणराव अर्थ मंत्रालयातून बाहेर पडले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. दोघांनाही राजकारणाबाहेर उभं राहायला जमीन होती. चिंतामणरावांना राजीनाम्यानंतर 'आता काय' हा प्रश्नच पडला नाही. मेघदूताचा मराठी अनुवाद करणारा माणूस तो. तुम्ही बँक सोडून आधी एखाद्या विद्यापीठात किंवा गोखले इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेत दोन-तीन वर्षं का जात नाही? तिथे तुमच्यावर बँकेची बंधनं नसतील. राज्याच्या अर्थसंकल्पावर नावानिशी लिहा, सांगली-कोल्हापूरच्या सहकारी बँकांच्या सभांत जाऊन बोला. तुमच्या भागातल्या नागरी बँकांवर देखरेख करणारा रिझर्व्ह बँकेतला स्वतंत्र विभागही मनमोहन सिंग गव्हर्नर असतानाच सुरू झाला, तेव्हा बोलायला विषयही घरचा आहे. लोकांना तुम्ही कळाल, तुम्हाला लोक कळतील, बँक आणि पक्ष यांत अंतर पडेल आणि मुलीची बारावीही होऊन जाईल. त्यानंतरही बोलावणं आलं तर ते प्रवक्तेपदाचं नसेल. आलंच नाही, तर या नेत्यांना तुम्ही हव्या होतात की तुमच्या नावापुढची रिझर्व्ह बँक, हे तुम्हाला फुकटात कळेल.

राहिले वडील. त्यांच्याबद्दल तुम्ही सगळ्यात कमी लिहिलंय आणि मला सगळ्यात जास्त त्यांच्याबद्दलच सांगायचंय. तुम्ही त्यांना अडथळा समजताय. पण तुमच्या घरात निवडणूक लढवलेला माणूस तो एकच आहे. तुम्ही मनमोहन सिंगांना विचारू शकत नाही, चिंतामणरावांना विचारू शकत नाही. यांना विचारू शकता. 'तू शिकलीस ती यासाठी नाही' या वाक्यामागे काहीतरी आहे जे त्यांनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. त्यात तुमच्या शिक्षणाचा अभिमान आहे, आणि बहुधा त्या एका निकालाची जखमही.

येत्या रविवारी गावी जा. परवानगी मागायला नको, माहिती घ्यायला जा. त्यांना विचारा, जिल्हा परिषदेला किती पैसे गेले आणि ते कुठून आणले. कोणी शब्द दिला होता आणि कोणी फिरवला. सरपंच असताना किती लग्नांना, किती मयतांना गेलात आणि कोणाकडे जायचं राहिलं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवरून जाताना पहिल्यांदा कोण भेटलं आणि काय बोललं. ते सांगायला लागले की मध्ये बोलू नका. मुलीलाही सोबत न्या. दहावीचा अभ्यास एका रविवारने मागे पडत नाही, आणि आजोबांचं हे बोलणं तिनेही ऐकलेलं बरं.